कोणापासून लपवायचं? कल्पित जगांतली चोरभाषा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात चोराचं पात्र निवडलं, की पहिल्याच पायरीवर एक भाषा पदरात पडते. तिचं नाव थीव्ज कँट. २०१४च्या नियमपुस्तकाप्रमाणे ती निव्वळ शब्दांची भाषा नाही. बोली, धंद्यातले शब्द आणि इशारे यांची ती सरमिसळ आहे आणि चारचौघांत चाललेल्या साध्या गप्पांत तिच्या आधारे निरोप दडवता येतो. जोडीला भिंतीवर खरडायच्या खुणा आहेत: पुढे धोका आहे, हा इलाखा टोळीचा आहे, इथे माल आहे, इथली माणसं सहज फसतील, या घरात आसरा मिळेल. आणि एक अट आहे. जे सरळ सांगायला जितका वेळ लागतो, त्याच्या चौपट वेळ ते या बोलीत सांगायला लागतो.

या सगळ्या नियमात चौपट वेळाची अट सर्वांत मोलाची आहे. गुपिताला किंमत मोजावी लागते, हे तिने ओळखलं आहे. शिपाई वळून येण्याआधी चौकात उभ्या दोघांना पावसापाण्याच्या गप्पांत अख्खा बेत बसवायचा आहे, अशी कल्पना केली तर त्या अटीत एक पूर्ण प्रसंग दडलेला दिसतो. प्रत्यक्ष खेळताना मात्र बहुतेक वेळा खेळाडू म्हणतो, ‘मी त्याला चोरभाषेत सांगतो’, सूत्रधार मान डोलावतो आणि गोष्ट पुढे सरकते. भाषा असल्याचं जाहीर होतं, ती कानावर पडत नाही. कल्पित जगांतल्या चोरभाषेची आजची अवस्था थोडक्यात अशीच आहे. ती सगळ्यांच्या ओळखीची आहे, पण फार थोड्या लेखकांनी तिला बोलतं केलं आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४मध्ये आला, चोराचं पात्र त्यात १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने आणलं आणि १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये चोरांच्या गुप्त भाषेला जागा मिळाली. त्याच पुस्तकात सज्जनांची एक भाषा आहे, दुर्जनांची दुसरी, अशी नीतीनुसार वाटलेली भाषांची चळतच आहे. त्या गर्दीत चोरभाषाही एक बिल्ला होऊन बसली. हजार कोसांवरच्या दोन राज्यांतले दोन चोर भेटले, एकमेकांची बोली त्यांनी आयुष्यात ऐकलेली नसली, तरी ही भाषा दोघांनाही यायचीच. इथेच कल्पना लंगडी पडते. जगातल्या प्रत्येक चोराला जे ठाऊक आहे ते कोतवालालाही ठाऊक होणार. त्यासाठी त्याला एकच चोर पकडून बोलता करायचा आहे.

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत डेव्हिड कुक यांनी ही चूक बरीचशी दुरुस्त केली. त्यांच्या नियमात चोरांची स्वतंत्र भाषा नाही. कोणत्याही भाषेत मिसळता येतील असे शब्द आणि छुपे अर्थ आहेत आणि तेही चोरांच्या कामापुरते. दोघांची मूळ भाषा एक नसेल, तर या शब्दांनी काहीच साधत नाही. भाषेच्या अभ्यासकाला पटेल असा हा नियम होता. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत वेगळी चोरभाषा उरली नाही, आडून बोलण्याचं एक कौशल्य तेवढं राहिलं. २०१४मध्ये ती परतली आणि २०२४च्या पुस्तकात दुर्मीळ भाषांच्या यादीत एक नाव होऊन बसली. पन्नास वर्षांत हा प्रवास पुढे कमी आणि गोल जास्त झाला.

या खेळाने कँट हा शब्द जिथून उचलला, तिथला ऐवज किती श्रीमंत होता हे पाहिलं की हळहळ वाटते.

इंग्लंडच्या केंट परगण्यात टॉमस हार्मन नावाचा एक जमीनदार होता. दाराशी येणाऱ्या भटक्यांना आणि भिकाऱ्यांना तो प्रश्न विचारून भंडावून सोडी आणि मिळालेली माहिती टिपून ठेवी. १५६६च्या सुमारास त्याने ती पुस्तकरूपाने छापली. त्यात भटक्यांचे प्रकार आहेत, त्यांच्या युक्त्या आहेत आणि शेवटी त्यांच्या शब्दांची यादी आणि एक लहानसा संवाद आहे. यादी मन लावून वाचण्यासारखी आहे. ‘डार्कमन्स’ म्हणजे रात्र, ‘लाइटमन्स’ म्हणजे दिवस, ‘रफमन्स’ म्हणजे झाडी. एक ‘मन्स’ हा प्रत्यय घेतला, की काळ आणि जागा दोन्ही झाकल्या जातात. ‘चीट’ म्हणजे कोणतीही वस्तू. वास घेणारी चीट म्हणजे नाक, घुरघुरणारी चीट म्हणजे डुक्कर, कुरकुर चावणाऱ्या चीट म्हणजे दात. फाशीच्या खांबाला नुसतंच ‘चॅट्स’ म्हणत. वाक्याची बांधणी, क्रियापदांची रूपं, अव्यय सगळं साधं इंग्रजी. फक्त ज्या शब्दावर पकडले जाऊ, तेवढाच शब्द बदललेला.

आणि ते बदललेले शब्द कशाचे आहेत? पाव, चीज, दूध, ताक. ‘पॅनम’, ‘कॅसन’, ‘यारम’, ‘लॅप’. पांघरूण, अंगरखा, कोंबडी, झोपायचा पेंढा, चाबकाचे फटके, तुरुंग. रत्नं आणि खंजीर या यादीत शोधावे लागतात. हा उपाशी माणसांचा शब्दकोश आहे. ज्यांच्यासाठी नुसतं भटकणं हाच गुन्हा होता, अशांच्या तोंडचे हे शब्द होते. कल्पित जगांतल्या चोरभाषांत तिजोरी, विष, खून, खबऱ्या यांना दहा-दहा नावं असतात आणि भाकरीला एकही नसतं. ही उणीव किरकोळ समजू नये. ज्या चोराला भुकेचा शब्द नाही, तो चोर लेखकाने हौसेच्या पोशाखात उभा केलेला असतो.

हार्मननंतर टॉमस डेकरने १६०८मध्ये त्याच शब्दांवर आपली पुस्तिका सजवली, बरंचसं सरळ उचलून. फ्रान्सिस ग्रोसचा १७८५चा गावठी शब्दांचा कोश आला, तोवर यातले कित्येक शब्द रस्त्यावर कोणी बोलत होतं की फक्त पुस्तकातून पुस्तकात चालत आले होते, हे सांगणं कठीण झालं होतं. चोरांच्या भाषेचं वाङ्मय पहिल्यापासून असंच उचलेगिरीवर वाढलं आहे. खेळांचे लेखक त्या परंपरेचे शेवटचे वारस.

त्यातला सर्वांत रसाळ वारस म्हणजे ‘प्लेनस्केप’. दुसऱ्या आवृत्तीच्या याच कुक यांनी १९९४मध्ये हे जग रचलं. त्याच्या मध्यभागी सिजिल हे कड्यासारखं वाकलेलं शहर आहे आणि त्यातून सगळ्या विश्वांत जाणारी दारं उघडतात. तिथली माणसं जी बोली बोलतात तिचा मोठा भाग ग्रोसच्या काळातला आहे. तोंडाला ‘बोनबॉक्स’ म्हणतात, म्हणजे हाडांची पेटी. हा शब्द ग्रोसच्या कोशात याच अर्थाने आहे. संशयी माणूस ‘पिअरी’, तोही तिथलाच. बातमी म्हणजे ‘चँट’, गुपित म्हणजे ‘डार्क’, आणि नवख्या परक्याला ‘क्लूलेस’ म्हणतात. १९९९मध्ये या जगावर ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’ हा संगणकावरचा खेळ निघाला. त्याचा नायक शवागारातल्या फळीवर शुद्धीवर येतो. त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. भोवतालचे लोक बोलतात ते त्याला समजत नाही आणि खेळणाऱ्यालाही समजत नाही. दोघं सोबतच शिकत जातात. वाचकाचं अज्ञान कथेच्या कामाला लावण्याची ही युक्ती फार थोड्यांना साधली आहे. अँथनी बर्जेस यांनी ती १९६२मध्ये ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’मध्ये वापरली होती. रशियन मुळांतून घडवलेली गुंड पोरांची बोली त्यांनी वाचकावर विनाकोश सोडली. अमेरिकेतल्या एका आवृत्तीने मागे शब्दार्थ जोडले. ज्याने पुस्तक कोशाविना वाचलं त्याच्यासाठी ते जास्त भयंकर आहे, कारण शंभर पानांनंतर आपणही त्या पोरांच्याच शब्दांत विचार करतो आहोत, हे त्याच्या ध्यानात येतं.

तरी प्लेनस्केपमधल्या बोलीला दोन मर्यादा आहेत. ती गुप्त नाही, सगळं शहर ती बोलतं. आणि मूळ पुस्तकांत निवेदकही पानंच्या पानं त्याच ठसक्यात बोलत राहतो. पात्राच्या तोंडी जे झणझणीत लागतं, ते नियम समजावून सांगणाऱ्या परिच्छेदात कंटाळवाणं होतं.

चोरभाषा कानांपेक्षा डोळ्यांची करण्याचा मार्ग ‘स्कायरिम’ या संगणकावरच्या खेळाने २०११मध्ये घेतला. त्यातल्या रिफ्टन शहरी चोरांच्या संघाने घरांच्या दारांशेजारी लहान खुणा कोरलेल्या आहेत. या घरात माल आहे, हे रिकामं आहे, हा माणूस संघाच्या आश्रयाखाली आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यांचा अर्थ सांगणारी एक पुस्तिकाही त्या जगात सापडते. जर्मन भाषिक मुलुखातले भटके घरांच्या दारांवर ‘त्सिंकन’ नावाच्या खुणा करत, त्यांचा हा वंशज. कोपऱ्यातली एक बारीक चौकट पाहून दार टाळण्यात जी मजा आहे, ती कित्येक पानांच्या शब्दयादीत नाही. पण खूण एकदा कळली की कायमची कळली. त्या जगातले शिपाई ती कधी शिकत नाहीत, संघ ती कधी बदलत नाही.

सगळ्या चोरभाषांना हा एकच प्रश्न लावून पाहावा: ती कोणापासून लपवायची आहे? ऐकणारा कोण आहे, त्याला किती कळतं, आणि त्याला कळलं तर पुढे काय होतं? बहुतेक कल्पित जगांत हा ऐकणारा नाहीच. त्यामुळे तिथली गुप्त बोली म्हणजे बंद खोलीत कुजबुजणं होऊन जातं.

कादंबऱ्यांची कामगिरी खेळांपेक्षा सरस आहे, आणि तीही विशेषतः २००६पासूनची. स्कॉट लिंच यांच्या ‘द लाइज ऑफ लॉक लमोरा’त कॅमोर नावाचं व्हेनिसच्या वळणाचं शहर आहे. टोळीच्या म्होरक्याला तिथे ‘गरिस्ता’ म्हणतात, त्याच्या हाताखालच्यांना ‘पेझॉन’. लिंच यांचं बारीक काम मुलांच्या प्रसंगांत दिसतं. अनाथ पोरांना खिसे कापायला शिकवणारा एक उस्ताद आहे. त्याच्या शाळेत सावजाचं लक्ष वेधून घेणारे ‘टीझर’ आणि हात मारणारे ‘क्लचर’ अशी विभागणी आहे. शब्द दोनच, पण प्रत्येक शब्दामागे कामाची वाटणी आहे, जोखमीची उतरंड आहे आणि पकडला कोण जाणार याचा हिशेब आहे. शिवाय मुख्य टोळी आपसांत हातांच्या खुणांनी बोलते, कारण समोर बसलेल्या सरदारापासून त्यांना लपवायचं आहे. ऐकणारा त्याच खोलीत आहे, म्हणून वाचकाचा श्वास अडकतो.

डग्लस हुलिक यांनी ‘अमंग थीव्ज’ (२०११) मध्ये जुनी इंग्रजी चोरबोली आणखी थेट वापरली. हार्मनच्या उतरंडीत वरच्या पायरीवर असलेला ‘अपराइट मॅन’ इथे टोळ्यांचा मालक होऊन अवतरतो, आणि नायक ‘नोज’ आहे, म्हणजे बातमी हुंगणारा. शब्द जुने असूनही ते शिळे वाटत नाहीत, कारण ते हुद्द्यांची नावं होऊन येतात आणि हुद्दा हरवण्याची भीती गोष्टीत खरी आहे. टेरी प्रॅचेट यांनी मात्र वेगळीच वाट धरली. त्यांच्या आंख-मॉर्पोर्कमध्ये चोरांचा संघ सरकारमान्य आहे आणि लुटल्यावर रीतसर पावती मिळते. तिथे गुप्त भाषेची गरजच उरत नाही, आणि ती का उरत नाही हे त्यांनी अचूक ओळखलं.

सर्वांत दूरवरचा विचार ब्रँडन सँडरसन यांच्या ‘मिस्टबॉर्न’ मालिकेत सापडतो. पहिल्या कादंबरीत (२००६) स्पूक नावाचा एक पोरगा आहे. तो पूर्वेकडच्या गल्ल्यांतली बोली बोलतो आणि ती स्वतःच्या टोळीतल्या लोकांनाही धड कळत नाही. क्रियापदांना ओढाताण करून लावलेले प्रत्यय आणि उलटसुलट शब्दक्रम ही तिची खूण. त्याचं लेस्टिबोर्न्स हे नावसुद्धा या बोलीतल्या ‘मला टाकून दिलं’ अशा अर्थाच्या शब्दांचं आहे. आरंभी ती गंमत वाटते. मग पहिल्या तीन पुस्तकांनंतर मालिका सुमारे तीनशे वर्षं पुढे उडी मारते आणि तोवर तो पोरगा इतिहासात पूज्य झालेला असतो. त्याची गल्लीतली बोली आता ‘हाय इंपीरियल’ या नावाने प्रतिष्ठितांची, समारंभांची भाषा झाली आहे. तिच्या भाषिक घडणीत फार खोली नाही, वाक्यं मुद्दाम पिळल्यासारखी वाटतात. पण भाषा माणसांच्या नशिबाबरोबर चढते आणि पडते, हे या प्रकारात इतक्या ठळकपणे दुसऱ्या कोणी दाखवलेलं नाही.

आणि हे कल्पित नाही. मुंबईच्या गुन्हेगारी टोळ्यांत लाखाला ‘पेटी’ आणि कोटीला ‘खोका’ म्हणत, ते पोलिसांच्या कानांपासून आकडे लपवण्यासाठी. सिनेमांनी आणि बातम्यांनी ते शब्द घराघरांत नेले. २०२२च्या पावसाळी अधिवेशनात विरोधी आमदार विधानभवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांच्या घोषणा देत होते, आणि शाळकरी मुलालाही त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. जो शब्द एवढा चावडीवर आला, तो टोळीच्या कामाचा उरत नाही. टोळीला नवा शोधावा लागतो. हा फेरा, शब्द फुटणं आणि नवा घडणं, कोणत्याही कल्पित चोरसंघाच्या गोष्टीत केंद्रस्थानी असायला हवा होता. तो जवळपास कुठेच नाही.

या विषयाला एक काळी बाजू आहे, आणि ती आपल्याकडे फार जवळची आहे. विल्यम हेन्री स्लीमन यांनी १८३६मध्ये कलकत्त्याहून ‘रामसीयाना’ प्रसिद्ध केलं. ठगांच्या म्हणवल्या गेलेल्या ‘रामसी’ या बोलीचा हा कोश. गळा आवळणारा ‘भुरतोटे’, सावजाला गोड बोलून जाळ्यात ओढणारा ‘सोथा’, घाव घालण्याचा इशारा ‘झिरनी’. हे शब्द बहुतांशी तुरुंगातल्या माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून घेतलेले होते. फाशी टळावी म्हणून बोलणारा माणूस विचारणाऱ्याला हवं ते किती देतो आणि खरं किती, यावर आजही इतिहासकारांत वाद आहे. निजामाच्या नोकरीत असलेल्या मेडोज टेलर यांनी १८३९मध्ये ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली आणि गुप्त शब्दांच्या, गुप्त पंथांच्या पौर्वात्य गुन्हेगाराचा साचा इंग्रजी वाचकांत रुजला. पुढे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मजात चोरीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या अकराव्या खंडात (१९२२) गारुडी, कोल्हाटी, भामटी, सांसी अशा कितीतरी बोली ‘जिप्सी भाषा’ म्हणून एकत्र बांधल्या आहेत. त्यांत कामापुरत्या गुप्त बोली आहेत, तशाच माणसांच्या घरच्या भाषाही आहेत. आईने लेकराला झोपवायची भाषा आणि चोरीची भाषा एकाच कपाटात गेली.

युरोपातही हेच झालं होतं. जर्मन मुलुखातल्या रोटवेल्श बोलीची यादी देणारं ‘लिबर व्हागातोरुम’ १५१०च्या सुमारास निघालं. १५२८मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि ही भाषा ज्यूंकडून आल्याचं बजावून सांगितलं. त्या बोलीत हिब्रू आणि यिडिश शब्द खरोखरच होते, रोमानीही होते, कारण रस्त्यावर हाकललेले लोक एकमेकांना भेटत होते. प्रस्तावनेने त्या सहवासाचं आरोपपत्र करून टाकलं.

म्हणून कल्पित जग रचणाऱ्याने ही सामग्री हाताळताना यादी कोणी लिहिली, हे विसरू नये. हार्मन, ल्यूथर, स्लीमन, सगळे दाराच्या आतले. दाराबाहेरचा आवाज मराठीत लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने (१९८७) दिला. चोरीच्या निरनिराळ्या प्रकारांना त्या समाजात असलेली नावं या आत्मकथनात ओघाने येतात, जसं कुठल्याही घरात घरच्या धंद्याविषयी बोललं जातं. वाचकाला चकित करण्याचा त्यात आव नाही. पोलिसाचा मार, उपास आणि शाळेचा हट्ट यांच्या मध्ये ते शब्द जगतात. गुप्त बोली लिहू पाहणाऱ्या कोणत्याही अद्भुतकथाकाराने एवढी एक गोष्ट या पुस्तकातून शिकावी: बोलणाऱ्याला स्वतःचे शब्द गूढ वाटत नाहीत.

टोल्किन यांनी एल्फांच्या भाषांवर आयुष्य वेचलं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’साठी डेव्हिड पीटरसन यांनी डोथ्राकी आणि हाय व्हॅलेरियन या भाषा व्याकरणासह उभ्या केल्या. राजांना, योद्ध्यांना आणि एल्फांना भाषातज्ज्ञ मिळतात. चोरांच्या वाट्याला अजून जुन्या कोशातले वेचक शब्दच येतात. स्त्रियांना तर तेही नाहीत. हार्मनच्या पुस्तकात भटक्या बायकांचे किती प्रकार आहेत, त्यांच्या तोंडी काय काय आहे. अद्भुतकथांतल्या चोरसंघांत ती बाजू अजून जवळजवळ कोरी आहे.

वापरायला ऐवज मात्र भरपूर पडून आहे. इंग्लंडने आपले कैदी ऑस्ट्रेलियात धाडले, तेव्हा त्यांची ‘फ्लॅश’ बोलीही जहाजातून गेली. वॉटकिन टेंच या मरीन दलाच्या अधिकाऱ्याने १७९३मध्ये लिहून ठेवलं आहे, की तिथल्या न्यायालयांत साक्षीदाराचं आणि आरोपीचं म्हणणं न्यायाधीशांना कळावं म्हणून अनेकदा दुभाषा लागे. पुढे १८१२मध्ये न्यूकॅसलच्या वसाहतीत जेम्स हार्डी व्हॉक्स या कैद्याने, जो स्वतः अनेकदा शिक्षा झालेला चोर होता, याच बोलीचा कोश तयार केला आणि तो तिथल्या कमांडंटला अर्पण केला. १८१९मध्ये तो छापलाही गेला. कल्पित जगातल्या एखाद्या न्यायालयात असा माणूस उभा करता येईल: साक्षीदाराचं प्रत्येक वाक्य सरकारी भाषेत फिरवून सांगणारा, दोन्ही बाजूंचं सगळं कळणारा, आणि पिंजऱ्यातला आरोपी ज्याच्या तोंडाकडे बघतो आहे असा. त्याने एक शब्द सौम्य करून सांगितला तर फटके टळतील. एक शब्द खरा सांगितला तर दोर. बाकावर बसलेले जुने सोबती त्याचं भाषांतर कान देऊन ऐकत आहेत, आणि संध्याकाळपर्यंत यातले किती शब्द बदलावे लागतील याची मोजदाद करत आहेत.